गुणसूत्राची पकड मोजायची कशी? यीस्टमधला सेंट्रोमिअर, कायनेटोकोर आणि कोकणातल्या साध्या लॅबमध्ये जमणारं प्रात्यक्षिक

रत्नागिरी, चिपळूण, दापोली, कणकवली, सावंतवाडी. कोकणातल्या कॉलेजांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात साधारण सारखंच सामान असतं. एक ऑटोक्लेव्ह, एक इनक्युबेटर, फ्रीज, दोन-चार साधे मायक्रोस्कोप. फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप सहसा नसतो. त्यामुळे सेंट्रोमिअर आणि कायनेटोकोर हा विषय फळ्यावरच्या आकृतीत उरकतो. विद्यार्थी 'गुणसूत्र जिथे तर्कूच्या धाग्याला जोडलं जातं ती जागा' एवढं पाठ करतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात.

हे टाळता येतं. कायनेटोकोर, म्हणजे सेंट्रोमिअरवर बसून तर्कूचा धागा धरणारा प्रथिनांचा गट, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसणार नाही हे खरं, पण त्याचं काम प्लेटवर मोजता येतं. त्याला लागतात निर्जंतुक टूथपिक, मखमलीचा तुकडा, कॉलन्या मोजायची चिकाटी आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर. हा लेख एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठी आणि प्रात्यक्षिक घेणाऱ्या शिक्षकांसाठी आहे. आधी यंत्रणा समजून घेऊ, कारण ती न समजता केलेली कॉलन्यांची मोजणी म्हणजे नुसती हजेरी.

आधी यंत्रणा

बेकरीतलं यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. त्याच्या हॅप्लॉइड, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या, पेशीत १६ गुणसूत्रं असतात आणि सगळा मिळून सुमारे १ कोटी २० लाख बेस-जोड्यांचा डीएनए. १९९६ मध्ये त्याचा पूर्ण क्रम जाहीर झाला. केंद्रक असलेल्या सजीवांमध्ये तो पहिलाच. पण सेंट्रोमिअरची गोष्ट त्याच्या बरीच आधीची आहे. १९८० मध्ये कॅलिफोर्नियात लुईस क्लार्क आणि जॉन कार्बन यांनी यीस्टच्या तिसऱ्या गुणसूत्राचा सेंट्रोमिअर वेगळा काढला. तो तुकडा सेंट्रोमिअरच आहे हे त्यांनी ओळखलं ते त्याच्या वागण्यावरून. पेशीत स्वतःची प्रत काढू शकणाऱ्या, पण पेशी विभागताना सहज हरवणाऱ्या प्लास्मिडमध्ये (डीएनएच्या छोट्या वर्तुळात) तो बसवला, आणि ते प्लास्मिड एखाद्या छोट्या गुणसूत्रासारखं शिस्तीत दोन्ही पेशींत जाऊ लागलं. आपलं प्रात्यक्षिक मुळात हाच प्रयोग आहे, फक्त आकडे काढून केलेला.

या सेंट्रोमिअरची लांबी किती? जेमतेम १२५ बेस-जोड्या. माणसाचा सेंट्रोमिअर १७१ बेसच्या तुकड्याची पुनःपुन्हा उजळणी करत लाखो बेसवर पसरलेला असतो. शायझोसॅकरोमायसिस पॉम्बे या दुसऱ्या यीस्टमध्ये तीनच गुणसूत्रं, पण त्यांचे सेंट्रोमिअर सुमारे ३५ हजार ते १ लाख १० हजार बेसचे. कँडिडा अल्बिकन्समध्ये आणखी गंमत. कौस्तुभ सन्याल यांनी कार्बन यांच्या प्रयोगशाळेत काम करताना २००४ मध्ये दाखवलं की तिच्या आठही गुणसूत्रांच्या सेंट्रोमिअरचा क्रम वेगवेगळा आहे, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. म्हणजे बहुतेक सजीवांत 'इथे सेंट्रोमिअर' हे डीएनएच्या अक्षरांवरून ठरत नाही, तिथे बसलेल्या प्रथिनांवरून ठरतं. बेकरीच्या यीस्टमध्ये मात्र ते अक्षरांवरूनच ठरतं, म्हणून १२५ अक्षरं कापून दुसरीकडे डकवली की तिथे सेंट्रोमिअर तयार. प्रात्यक्षिकासाठी हेच यीस्ट घ्यायचं कारण तेच.

या १२५ अक्षरांचे तीन भाग आहेत. सीडीई-१ हा आठ अक्षरांचा. त्यावर सीबीएफ१ हे प्रथिन बसतं. हा भाग काढला तर गुणसूत्र हरवण्याचं प्रमाण वाढतं, पण पेशी जगते. सीबीएफ१ चं जनुकच उडवलं तरी पेशी जगते, फक्त तिला मेथिओनिन बाहेरून द्यावं लागतं, कारण हे प्रथिन मेथिओनिनच्या जनुकांवरही काम करतं. सीडीई-२ हा मधला ७८ ते ८६ अक्षरांचा पट्टा, जवळजवळ सगळा ए आणि टी. त्यात नेमकी अक्षरं कोणती याला फारसं महत्त्व नाही. लांबी आणि ए-टीची रेलचेल महत्त्वाची. सीडीई-३ सुमारे २५ अक्षरांचा, आणि खरी गोम त्यातच आहे. त्याच्या मध्यभागी सीसीजी अशी तीन अक्षरं आहेत. त्यातलं मधलं एक अक्षर बदललं की सेंट्रोमिअर पूर्ण बंद पडतो. सव्वा कोटीच्या आसपास अक्षरांमध्ये एका अक्षराला एवढं वजन असलेल्या जागा फार थोड्या. सीडीई-३ वर सीबीएफ३ हा चार प्रथिनांचा गट बसतो: एनडीसी१०, सीईपी३, सीटीएफ१३ आणि एसकेपी१.

तर्कू म्हणजे पेशी विभागताना गुणसूत्रं दोन ध्रुवांकडे ओढणारा धाग्यांचा सांगाडा, आणि त्याचे धागे म्हणजे सूक्ष्मनलिका. आता डीएनएकडून तर्कूकडे एकेक थर चढत जाऊ. इतर ठिकाणी डीएनए हिस्टोनच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. सेंट्रोमिअरवर मात्र हिस्टोन एच३ च्या जागी सीएसई४ नावाचा त्याचा भाऊबंद असतो. माणसात त्याला सेनप-ए म्हणतात. बेकरीच्या यीस्टमध्ये प्रत्येक सेंट्रोमिअरवर असं एकच रीळ. त्याला धरून बसतात एमआयएफ२ आणि सीटीएफ१९ च्या गटातली प्रथिनं. त्यांच्यावर एमटीडब्ल्यू१ चा चार प्रथिनांचा गट. त्याच्यावर एनडीसी८० चा गट, पुन्हा चार प्रथिनांचा, सुमारे ५७ नॅनोमीटर लांब. दांड्यासारखा, एक टोक आतल्या थरात आणि दुसरं सूक्ष्मनलिकेवर. शेजारी एसपीसी१०५, त्याचं काम पुढे येईल. सगळ्यात बाहेर डॅम१ चा दहा प्रथिनांचा गट, जो सूक्ष्मनलिकेभोवती कडं बनवू शकतो. सूक्ष्मनलिका टोकाकडून सुटत जाते तसं हे कडं तिच्यावरून मागे सरकतं आणि गुणसूत्राला सोबत ओढून नेतं. या ओढण्याला वेगळं इंधन लागत नाही. सूक्ष्मनलिका सुटताना तिच्यात साठलेली ऊर्जाच वापरली जाते.

यीस्टमध्ये एका कायनेटोकोरला एकच सूक्ष्मनलिका धरलेली असते. माणसात हा आकडा साधारण १५ ते २०. म्हणजे यीस्टच्या पेशीला दुसरी संधी नाही. एक पकड चुकली की गुणसूत्र गेलं. तरीही नैसर्गिक गुणसूत्र हरवण्याचं प्रमाण साधारण एक लाख विभाजनांत एकदा. एका दोरावर एवढी खात्री कशी, हा या विषयातला खरा प्रश्न आहे.

ताण हीच खूण

डीएनएची प्रत निघाली की दोन सख्खी गुणसूत्रं कोहेसिन नावाच्या प्रथिनाने एकमेकांना बांधलेली राहतात. एकाचा कायनेटोकोर एका ध्रुवाकडच्या सूक्ष्मनलिकेला आणि दुसऱ्याचा विरुद्ध ध्रुवाकडच्या सूक्ष्मनलिकेला जोडला गेला तर दोन्हीकडून ओढ लागते आणि मध्ये ताण येतो. दोघं एकाच ध्रुवाला जोडली गेली तर ताण नाही. पेशीला डोळे नाहीत. डावं-उजवं तिला कळत नाही. तिला कळतो फक्त ताण.

ताण नसलेल्या जोडणीवर आयपीएल१ हे किनेज फॉस्फेट चिकटवतं. माणसात त्याचा भाऊ ऑरोरा-बी. एनडीसी८० आणि डॅम१ वर फॉस्फेट लागलं की पकड ढिली होते, सूक्ष्मनलिका सुटते आणि पुन्हा नव्याने धरण्याची संधी मिळते. ताण आला की जोडणी टिकते. २०१० मध्ये सू बिगिन्स यांच्या गटाने यीस्टमधून अख्खे कायनेटोकोर बाहेर काढून त्यांना सूक्ष्मनलिकेवर ओढून पाहिलं, आणि मध्यम ओढीखाली पकड जास्त वेळ टिकते असं आढळलं. मासा लागलेला गळ ओढला की जास्त रुततो, तसं. म्हणजे ताणाची ओळख दोन पातळ्यांवर होते: किनेज सैल जोडण्या मोडतं आणि पकड स्वतःही ओढीने घट्ट होते.

यावरचा पहारा म्हणजे तर्कू तपासणी. १९९१ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी यीस्टमध्येच तिची जनुकं शोधली: मॅड१, मॅड२, मॅड३ एका गटाने आणि बब१, बब३ यांच्यासारखी दुसऱ्याने. न जोडलेल्या कायनेटोकोरवर एमपीएस१ हे किनेज एसपीसी१०५ ला फॉस्फेट लावतं, तिथे बब३ आणि बब१ येतात, त्यांच्यामागे मॅड१ आणि मॅड२. तिथून निघणारा संदेश सीडीसी२० ला अडवतो. सीडीसी२० मोकळा असल्याशिवाय पीडीएस१ नष्ट होत नाही. पीडीएस१ आहे तोवर ईएसपी१ ही कात्री बंद. आणि कात्री बंद तोवर कोहेसिन तुटत नाही. एक कायनेटोकोर जरी रिकामा राहिला तरी सगळा कारभार थांबतो. थांबलेली पेशी मोठ्या कळीसह दिसते, आणि ती ४०च्या भिंगाखाली सहज ओळखता येते. पुढे 'पहारा तपासणं' या भागात ते वापरू.

कोणतं यीस्ट घ्यायचं

वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतंच: सर, माडीतलं यीस्ट चालेल का? माडीत सॅकरोमायसिस सापडतं हे खरं. माडाच्या रसात ते झायमोमोनास आणि लॅक्टिक आम्लाच्या जीवाणूंसोबत राहतं. पण सेंट्रोमिअरच्या मोजणीसाठी ते चालणार नाही. आपल्या प्लास्मिडवर खूण म्हणून यूआरए३ हे जनुक असतं, ज्यामुळे पेशीला युरेसिल (आरएनएचा एक घटक) बनवता येतं. रानटी यीस्ट स्वतःचं युरेसिल स्वतः बनवतं. मग प्लास्मिड आत आहे की नाही हे युरेसिल नसलेल्या प्लेटवरून कळणार कसं? शिवाय ते बहुधा डिप्लॉइड, म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच असलेलं, असतं. दुकानातल्या बेकरी यीस्टच्या पाकिटाचीही तीच अडचण. त्यात तर गुणसूत्रांची संख्याही अनेकदा वेडीवाकडी असते. काजूच्या बोंडूवरच्या यीस्टचा विचार तर सोडूनच द्या. फळांवर लिंबाच्या आकाराच्या पेशींच्या हान्सेनियास्पोरासारख्या जाती असतात, म्हणजे यीस्टच वेगळं.

आपल्याला हवं बीवाय४७४१ हे प्रयोगशाळेतलं हॅप्लॉइड वाण. त्याला हिस्टिडीन, ल्यूसीन, मेथिओनिन आणि युरेसिल बाहेरून द्यावं लागतं, कारण ती बनवायला लागणारी जनुकं त्यात बिघडवलेली आहेत. युरेसिलसाठीचं यूआरए३ तर पूर्ण काढलेलं आहे. यीस्टवर काम करणाऱ्या कोणत्याही विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या प्रयोगशाळेकडे ते असतं. पुण्याच्या एनसीएलमधला एनसीआयएम आणि चंदीगडचा एमटीसीसी हे सूक्ष्मजीवांचे संग्रह हेही विचारायचे पत्ते. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र पाठवलं की काम लवकर होतं.

प्लास्मिड तीन लागतील. पहिलं पीआरएस३०६: यात यूआरए३ आहे, पण यीस्टमध्ये प्रत काढण्याची सुरुवात करणारा एआरएस भाग नाही. दुसरं, यूआरए३ आणि एआरएस दोन्ही असलेलं, पण सेंट्रोमिअर नसलेलं. तिसरं पीआरएस३१६: यात एआरएससोबत सहाव्या गुणसूत्राचा सेंट्रोमिअर आहे. जमलं तर चौथं पीआरएस४२६ घ्या. त्यात सेंट्रोमिअर नाही, पण दोन-मायक्रॉन नावाच्या नैसर्गिक प्लास्मिडचा भाग आहे आणि एका पेशीत त्याच्या १० ते ४० प्रती असतात. 'सेंट्रोमिअर नसला तरी टिकतं की!' असं म्हणणाऱ्या हुशार विद्यार्थ्याला ते उत्तर म्हणून उपयोगी पडतं. टिकण्याचे दोन मार्ग आहेत: सेंट्रोमिअरने नीट वाटणी करा किंवा भरपूर प्रती ठेवा आणि त्या वाटायला दोन-मायक्रॉनसारखी स्वतःची वेगळी सोय ठेवा.

जनुकीय बदल केलेल्या सजीवाचं काम असल्यामुळे संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला आधी कळवून मंजुरी घ्या. हे यीस्ट सगळ्यात कमी धोक्याच्या गटात येतं, पण कागद हवाच.

माध्यमं, आणि पावसाळा

वायपीडी: एक टक्का यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, दोन टक्के पेप्टोन, दोन टक्के ग्लुकोज, प्लेटसाठी दोन टक्के अगार. निवडीचं माध्यम: अमिनो आम्लं नसलेला ०.६७ टक्के यीस्ट नायट्रोजन बेस, दोन टक्के ग्लुकोज आणि युरेसिल वगळून केलेलं अमिनो आम्लांचं मिश्रण. हिस्टिडीन, ल्यूसीन आणि मेथिओनिन त्यात आहेत याची खात्री करा. एक जरी राहिलं तरी काहीच उगवणार नाही आणि दोष प्लास्मिडवर जाईल. ग्लुकोज शक्यतो वेगळं ऑटोक्लेव्ह करून नंतर मिसळा. एकत्र तापवलं की माध्यम करपटतं.

हे प्रात्यक्षिक जून ते सप्टेंबरमध्ये ठेवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. हवेत बुरशीचे बीजाणू एवढे असतात की तीन दिवस उघडझाप केलेल्या प्लेटवर हिरवा गालिचा येतो. अभ्यासक्रमामुळे नाइलाज असेल तर प्लेटा ओतल्यावर दोन-तीन दिवस उलट्या ठेवून वाळवा. ओल्या प्लेटवर कॉलन्या वाहतात आणि रेप्लिका, म्हणजे मखमलीने दुसऱ्या प्लेटवर घेतलेली कॉलन्यांची नक्कल, उठत नाही. वाळलेल्या प्लेटा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीजमध्ये ठेवा. विजेचं मात्र फार मनावर घेऊ नका. या यीस्टला ३० अंश सेल्सिअस आवडतं आणि आपल्याकडे खोलीचं तापमान वर्षातला बराच काळ त्याच्या आसपासच असतं. इनक्युबेटर रात्री बंद पडला तरी वाढ थोडी मागे-पुढे होईल, एवढंच.

प्लास्मिड आत घालणं

लिथियम अ‍ॅसिटेटची पद्धत सगळ्यात भरवशाची. रात्रभर वाढवलेलं कल्चर ताज्या वायपीडीत मिलिलिटरला ५० लाख पेशी इतकं पातळ करा आणि २ कोटी होईपर्यंत, म्हणजे दोन पिढ्या, वाढू द्या. वायपीडीत एक पिढी साधारण दीड तासाची, म्हणून चार तास पुरतात. पेशी बसवा, निर्जंतुक पाण्याने धुवा. एका नळीत सुमारे १० कोटी पेशी घेऊन पाणी काढून टाका. त्यांच्यावर ५० टक्के पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) ३३५० चे २४० मायक्रोलिटर, १ मोलर लिथियम अ‍ॅसिटेटचे ३६, उकळून बर्फात थंड केलेल्या वाहक डीएनएचे ५० (मिलिलिटरला २ मिलिग्रॅम) आणि प्लास्मिड धरून पाणी ३४ मायक्रोलिटर, एकूण ३६०. नीट ढवळा आणि ४२ अंशाच्या पाण्यात ४० मिनिटं ठेवा. पेशी बसवून द्रव काढा, पाण्यात हलक्या हाताने मिसळा आणि युरेसिल नसलेल्या प्लेटवर पसरा.

पीईजी हीच या कृतीतली नाजूक गोष्ट. बाटलीचं झाकण सैल राहिलं की पाणी उडतं, प्रमाण बिघडतं आणि निकाल निम्म्यावर येतो. ताजं करा, घट्ट बंद ठेवा.

तीन-चार दिवसांनी पहिला निकाल हातात येतो आणि तोही बोलका असतो. पीआरएस३०६ च्या प्लेटवर जवळजवळ काहीच नाही: प्लास्मिड आत गेलं, पण त्याची प्रत निघत नाही. पीआरएस३१६ च्या प्लेटवर सारख्या आकाराच्या भरपूर कॉलन्या. नुसत्या एआरएसच्या प्लेटवरही कॉलन्या भरपूर, पण लहान-मोठ्या आणि हळू वाढणाऱ्या. प्रत्येक विभाजनात त्यातल्या कित्येक पेशी प्लास्मिडविना राहतात आणि उपाशी थांबतात, म्हणून कॉलनी खुरटी. मोजणी सुरू होण्याआधीच सेंट्रोमिअरचा परिणाम इथे साध्या डोळ्यांना दिसतो. या प्लेटांचे फोटो काढून ठेवा.

मोजणी

प्रत्येक प्लास्मिडची एक कॉलनी घेऊन युरेसिल नसलेल्या ५ मिलिलिटर द्रव माध्यमात रात्रभर वाढवा. दुसऱ्या दिवशी मोजणीच्या काचेवर, म्हणजे हिमोसायटोमीटरवर, पेशी मोजा. थोडा भाग मिलिलिटरला २००० पेशी होतील इतका पातळ करून त्यातले १०० मायक्रोलिटर वायपीडी प्लेटवर पसरा. प्लेटवर २०० च्या आसपास कॉलन्या येतील. ही सुरुवातीची प्लेट. त्याच वेळी मूळ कल्चरचे ५ मायक्रोलिटर ५ मिलिलिटर वायपीडीत टाका. इथे युरेसिल मुबलक आहे, त्यामुळे प्लास्मिड हरवलं तरी पेशीला काही फरक पडत नाही. २४ तासांनी पुन्हा मोजा, पातळ करा, वायपीडीवर पसरा. ही शेवटची प्लेट.

हजारपट पातळ केलेलं कल्चर पुन्हा तेवढंच दाट झालं म्हणजे १० पिढ्या, कारण २ चा दहावा घात १०२४. पण वायपीडीत पेशी निवडीच्या माध्यमापेक्षा जास्त दाट होतात, म्हणून पिढ्या १० पेक्षा थोड्या जास्तच निघतात. अंदाजावर जाऊ नका. शेवटची एकूण संख्या भागिले सुरुवातीची एकूण संख्या, आणि त्याचा २ या पायाचा लॉग. नुसत्या एआरएसच्या प्लास्मिडसाठी १० पिढ्या फार होतात, मोजायला काही उरत नाही. त्याला पाच पिढ्यांवर थांबवा.

दोन दिवसांनी वायपीडी प्लेटवरच्या कॉलन्या रेप्लिका करा. लाकडाच्या किंवा पाइपच्या गोल ठोकळ्यावर ऑटोक्लेव्ह केलेली, पूर्ण कोरडी सुती मखमल ताणून बांधा. प्लेट त्यावर हलकेच दाबा, मग त्याच मखमलीवर आधी युरेसिल नसलेली प्लेट आणि नंतर ताजी वायपीडी दाबा. तिन्ही प्लेटांवर एकाच बाजूला खूण करायला विसरू नका. मखमल नसेल तर टूथपिकने एकेक कॉलनी दोन्ही प्लेटांवर टेकवा. १०० कॉलन्यांना तास जातो, पण निकाल उलट जास्त स्वच्छ येतो. वायपीडीवर उगवलेल्यांपैकी युरेसिल नसलेल्या प्लेटवर किती उगवल्या, ते प्लास्मिड असलेल्या पेशींचं प्रमाण.

आता गणित. समजा पीआरएस३१६ साठी सुरुवातीचं प्रमाण ०.९० आलं आणि १० पिढ्यांनी ०.७०. ०.७० भागिले ०.९० म्हणजे ०.७७८. त्याचं दहावं मूळ ०.९७५. १ मधून वजा केलं की ०.०२५, म्हणजे दर पिढीला अडीच टक्के पेशी प्लास्मिड गमावतात. समजा एआरएसच्या प्लास्मिडसाठी प्रमाण ०.२० वरून पाच पिढ्यांत ०.०३ वर आलं. भागाकार ०.१५, पाचवं मूळ ०.६८, म्हणजे दर पिढीला सुमारे ३२ टक्के. निवडीच्या माध्यमातही सुरुवातीचं प्रमाण १ का नाही, हे विद्यार्थ्यांना स्वतः शोधू द्या. उत्तर खुरट्या कॉलनीतच आहे.

२०० कॉलन्यांवरून काढलेल्या ०.७० या आकड्याला दोन्ही बाजूंनी सुमारे ०.०६ ची चूक धरावी लागते. तेवढ्यानेच दर पिढीचं प्रमाण १.७ पासून ३.४ टक्क्यांपर्यंत हलतं. म्हणून एका कॉलनीवरून निकाल लिहू नका. वर्गातल्या प्रत्येक गटाला वेगळी कॉलनी द्या आणि सगळ्यांचे आकडे फळ्यावर मांडा. दोन प्लास्मिडमधला फरक एवढा मोठा असतो की तो या चुकीत बुडत नाही.

इथेच एक प्रश्न उभा करायला हवा. सेंट्रोमिअर असूनही हे प्लास्मिड शंभर विभाजनांत दोन-तीनदा हरवतं, आणि खरं गुणसूत्र लाखात एकदा. पकड तीच, मग एवढा फरक का? लांबी हे एक मोठं कारण: लहान वर्तुळाकार डीएनए हा लांब, टोकं असलेल्या गुणसूत्राइतका भरवशाने वाटला जात नाही. सेंट्रोमिअर आवश्यक आहे, पण एकटा पुरेसा नाही.

पहारा तपासणं, आणि आंब्यावरची फवारणी

हापूसच्या बागायतदारांना कार्बेन्डाझिम सांगावं लागत नाही. बाविस्टिन म्हटलं की पुरे. करप्याच्या बुरशीवर ते चालतं ते बुरशीच्या बीटा-ट्यूब्युलिनला चिकटून, म्हणजे तिच्या सूक्ष्मनलिका बनू न देऊन. तर्कूच नाही तर कायनेटोकोर धरणार कोणाला? प्रयोगशाळेत वापरलं जाणारं बेनोमिल पाण्यात मोडून कार्बेन्डाझिमच होतं. बेनोमिलवर शेतीसाठी भारतात २०१८ च्या आदेशाने बंदी आली. संशोधनासाठीचं शुद्ध रसायन वेगळं. बागेतल्या पुडीने प्रयोग करू नका. तिच्यात निम्मा भाग इतर भुकटीचा असतो. बुरशीला या औषधाची सवय कशी होते याचंही उत्तर इथेच आहे: ट्यूब्युलिनच्या १९८ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी अ‍ॅलॅनिन आलं की औषध नीट चिकटत नाही.

या भागासाठी दोन वाणं घ्या: बीवाय४७४१ आणि त्यातूनच मॅड२ जनुक काढलेलं वाण. वाढत्या कल्चरमध्ये नोकोडाझोल (सूक्ष्मनलिका मोडणारं औषध) मिलिलिटरला १५ मायक्रोग्रॅम टाका आणि सोबत नुसतं डीएमएसओ, म्हणजे ते ज्यात विरघळवतात तो द्रव, टाकलेली नळी ठेवा. दोन्ही वाणांचे थेंब दर तासाला घेऊन प्रत्येकी २०० पेशी पाहा. कळी आईच्या दोन-तृतीयांशाहून मोठी असेल तर ती 'मोठी कळी' धरा. ही व्याख्या आधीच ठरवा, नाहीतर गटागटांत वाद होतात. तीन तासांनी साध्या वाणातल्या बहुतेक पेशी मोठ्या कळीवर अडकलेल्या दिसतील. मॅड२ नसलेल्या पेशी पहारा नसल्यामुळे तशाच पुढे सरकतात, नवी कळीही काढतात आणि मरायला लागतात. आधी प्लेटवर पाहायचं असेल तर बेनोमिल मिलिलिटरला ०, ५, १० आणि १५ मायक्रोग्रॅम अशा प्लेटा करा आणि दहापट पातळ करत गेलेले ५ मायक्रोलिटरचे थेंब ओळीने ठेवा. बेनोमिल थंड माध्यमात खडे धरतं. माध्यम अगदी गरम असतानाच थेंबथेंब टाकून ढवळत राहा. थंडीत ही औषधं जास्त चढतात, म्हणून सगळ्या प्लेटा एकाच तापमानाला ठेवा.

माडीतल्या यीस्टचा हट्ट इथे मात्र पुरवता येतो. चुना न घातलेली ताजी माडी आणा, क्लोरॅम्फेनिकॉल घातलेल्या वायपीडीवर रेघा ओढून जीवाणू वेगळे करा आणि एका कॉलनीपासून वाढवलेलं यीस्ट याच नोकोडाझोलमध्ये पाहा. युरेसिलचा प्रश्न येत नाही. फक्त कळ्या मोजायच्या आहेत.

हातमोजे घाला. ही रसायनं प्रजननाला घातक मानली जातात, आणि डीएमएसओ त्यांना कातडीतून आत नेतं. गरोदर विद्यार्थिनी किंवा शिक्षिकेने हा भाग करू नये. उरलेलं द्रव बेसिनमध्ये ओतू नका. वेगळ्या बाटलीत साठवून रासायनिक कचऱ्यात द्या.

पुढे जायचं असेल तर

अ‍ॅडेनिन बनवायला लागणारं एडीई२ जनुक बिघडलेल्या यीस्टच्या कॉलन्या लाल होतात. तो बिघाड झाकणारं एसयूपी११ हे जनुक एखाद्या कृत्रिम गुणसूत्राच्या तुकड्यावर बसवलं की डिप्लॉइड वाणात एक प्रत म्हणजे गुलाबी कॉलनी, दोन प्रती म्हणजे पांढरी, एकही नाही म्हणजे लाल. १९८५ मध्ये ही पद्धत पुढे आली आणि आजही तिला तोड नाही. पहिल्याच विभाजनात गडबड झालेली कॉलनी अर्धी-अर्धी दिसते. अर्धी लाल, अर्धी गुलाबी: तुकडा एका बाजूला हरवला. अर्धी लाल, अर्धी पांढरी: दोन्ही प्रती एकाच पेशीत गेल्या, म्हणजे पकड चुकीच्या बाजूला लागली. हरवणं आणि चुकीची वाटणी यांतला फरक रेप्लिकाच्या पद्धतीत कळत नाही, इथे रंगावरून कळतो. माध्यमात अ‍ॅडेनिन कमी ठेवा, नाहीतर लाल रंग येतच नाही. उगवलेल्या प्लेटा काही दिवस फ्रीजमध्ये ठेवल्या की रंग गडद होतो.

दुसरा मार्ग गॅलॅक्टोजचा. सेंट्रोमिअरच्या शेजारी जीएएल१ चा प्रवर्तक (गॅलॅक्टोजवर जनुक चालू करणारा भाग) बसवलेली प्लास्मिडं मिळतात. ग्लुकोजवर सेंट्रोमिअर चालू. गॅलॅक्टोजवर त्याच्यावरून आरएनए बनवण्याचं काम सुरू होतं, कायनेटोकोर टिकत नाही आणि सेंट्रोमिअर बंद. एकच प्लास्मिड, एकच पेशी, फक्त साखर बदलून वरचीच मोजणी दोनदा करता येते. ज्यांच्याकडे नुसत्या एआरएसचं प्लास्मिड नाही त्यांनी हाच मार्ग धरावा. मात्र बीवाय४७४१ गॅलॅक्टोजवर हळू वाढतं, तेव्हा २४ तासांऐवजी दोन दिवस धरा आणि पिढ्या पुन्हा मोजूनच लिहा.